गाडीत झोपलेली वाटाडी

५ जानेवारी

प्रिय सांगणारी,

इस्त्रीच्या खोलीतली ती शनिवारची दुपार आठवते का गं? कुठली, असं विचारू नकोस. सगळ्या सारख्याच होत्या. लांब टेबल, त्यावर जळक्या डागांचं जाड कापड, खिडकीत थंड व्हायला ठेवलेल्या इस्त्र्या आणि आपल्या तिघींसमोर मोज्यांचा डोंगर. अख्ख्या बोर्डिंगचे फाटके मोजे रफू करायचं काम आपण आपणहून मागून घेतलं होतं. सिस्टर दारावरून जाताना आत डोकवायच्या, माना खाली घातलेल्या तीन मुली बघून प्रसन्न व्हायच्या आणि पुढे जायच्या. मोज्यांच्या डोंगराआड खोक्याचा पुठ्ठा उभा असायचा. पुठ्ठ्याआड तू. आणि तुझा तो दबका आवाज : "दरीच्या टोकाशी एक दार आहे. दाराला कडी नाही. आता तू काय करतेस?"

हे सगळं आज वर येण्याचं कारण आमच्या सूनबाई. दर रविवारी तिचे मित्रमैत्रिणी जेवणाच्या टेबलाशी जमतात. मी चहा घेऊन गेले, तर एक चांगला दाढीवाला, बँकेत नोकरी करणारा बाप्या डोळे पुसत होता. त्याचा भाऊ म्हणे बुरुजावरून पडला. मी घाबरले. सूनबाई हसून म्हणाली, "आई, खरा नाही. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तुम्हाला नाही कळायचं."

मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "मी वैदू आहे. मुळ्या ओळखते, हाड बसवते. तो बुरुजाखाली पडलाय ना, त्याचा श्वास चालू आहे का ते आधी बघा."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर औषधांच्या दुकानात चिठ्ठ्या वाचून गोळ्या मोजणारी सासू अचानक वैदू निघाली! मग मला खुर्ची मिळाली. मी आपल्या खेळाच्या पेटीबद्दल सांगितलं. भूगोलाच्या बाईंनी शाळा सोडताना दिलेली, आत फासे आणि नियमांचं अर्धंच पुस्तक. उरलेलं अर्धं तू मनानं भरलंस, आणि माणसांच्या जागी आपण बटणं मांडायचो. मी गाडीचा नियमही सांगितला : जी आली नाही, तिचं माणूस गाडीत झोपलेलं असतं, आणि बाकीच्यांनी ती गाडी ओढायची. त्यांनी त्यांचं जाडजूड पुस्तक उघडून बघितलं. असा नियमच नाही म्हणे! जो आला नाही त्याचं पात्र दुसऱ्यानं खेळावं, नाहीतर बाजूला ठेवावं. मग ती गाडी तुझी होती?

रात्री मी विचार करत होते, की त्या खेळात होतं काय एवढं. त्या शाळेत पाणी प्यायला सुद्धा परवानगी लागायची. पुढे सासर आलं, नोकरी आली, तिथे सगळे सांगतच होते, की आता तू हे कर, आता ते कर. पण "आता तू काय करतेस?" असं विचारून उत्तरासाठी थांबलेली तू एकटीच. मी म्हणायचे, "मी दार ढकलते," आणि दार खरंच उघडायचं.

आपल्या अर्ध्या राहिलेल्या खेळात आपण अजून नदीकाठीच उभ्या आहोत. मला पलीकडे जायचंय गं. घसा बसलाय म्हणून फोन घेत नाहीस, तर लिहून सांग. पण सांग.

तुझी वैदू


२२ जानेवारी

वैदूबाई,

तुझ्या बुरुजाखालच्या रोग्यावर इतकी हसले, की शेजारीण बघायला आली.

घसा बसलेला नाही. गाठ आहे. मार्चअखेर स्वरयंत्र काढणार आहेत. डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, "आजी, जीव राहील, आवाज जाईल." आधी लिहिलं नाही, कारण तू लगेच काढे लिहून पाठवले असतेस.

गंमत अशी, की मी मुकी झाले तरी बसस्टँडवर माझी बडबड चालूच राहणार. नोकरी संपायच्या आधी त्यांनी माझ्या घोषणा भरून घेतल्या होत्या, त्याच अजून लावतात. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माझ्याच तोंडून, आणि मधूनमधून "प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी". मी नसले तरी लोकांनी सामान सांभाळावं, ही माझी व्यवस्था झालेली आहे.

आता गाडी. हो, ती माझीच. आपली तिसरी, वाटाडी, तिला दमा होता. एका शनिवारी ती आजाऱ्यांच्या खोलीत होती आणि तू म्हणालीस, "चल, आपण पुढे जाऊ." माझ्याच्यानं होईना. तिला मागे कसं टाकायचं? मी काड्यापेटीची गाडी केली, तिचं तपकिरी बटण आत ठेवलं आणि नियम सांगितला. झोपलेलीला टाकून जायचं नाही, आणि जिचं बटण तिनंच त्याला उठवायचं. दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं बोलायचं नाही. मला वाटलं, याहून जास्त माया ती काय असते.

मग परीक्षेच्या तोंडावर तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. आपण नदीशी पोचलो होतो. तू होडीत चढायला निघालीस आणि मी रागानं नावाड्याच्या तोंडी घातलं, "वाटाडीनं वाट दाखवल्याशिवाय होडी सुटत नाही." बोलून गेले. सांगणारी बोलली की ते झालं, हे तुला ठाऊक आहे.

म्हणून लिहून सांगणार नाही. नदी मला माझ्या तोंडानं ओलांडायची आहे, आवाज आहे तोवर, आणि ती असेल तर. ती कुठे आहे, देव जाणे. बटण माझ्या टेबलावर आहे, काड्यापेटीत. काड्यापेट्या किती बदलल्या, बटण तेच.

सांगणारी


१० फेब्रुवारी

प्रिय सांगणारी,

तुझं पत्र वाचून दिवसभर दुकानात चुकीच्या खणात हात घालत होते. रडून झालं. काढाही लिहिलेला नाही, बघ.

पण मोठी बातमी ऐक. वाटाडी सापडली! आपल्या वर्गातल्या बायकांचा फोनवर गट आहे, त्यात विचारलं. ती तुझ्याच गावात आहे! स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. मी तिला फोन केला. तिला अतिशय आनंद झाला. सगळं सगळं तिला आठवतं. "दोघींनी मला इतकी वर्षं वाहिलं!" असं म्हणताना तिला अश्रू अनावर झाले. ती म्हणाली, "सांगणारीला सांग, मी उठले. खुशाल नदी ओलांडा."

तेव्हा तिचं उठणं झालं असं समज. तिला दुकानातून सवड होईलसं वाटत नाही आणि मला इथून तान्ह्या नातवाला सोडून निघता येत नाही. तू खोलीत एकटीच मोठ्यानं सांग. मी इथे त्या वेळी डोळे मिटून बसेन. वार आणि वेळ तेवढी कळव.

तुझी वैदू


२१ फेब्रुवारी

वैदू,

तू मोजा रफू करायचीस तेव्हा टाका दिसू नये म्हणून दुप्पट दोरा घालायचीस. दिसायचं नाही, पण बुटात पाय घातला की टोचायचं. तुझं पत्र तसं आहे.

वाटाडीला अश्रू अनावर? जिनं दवाखान्याच्या सिस्टरचा थर्मामीटर चावला होता, तिला? आणि तिचं बोलणं तिच्याऐवजी तू बोललीस, हे मला कळलं नाही असं वाटलं तुला?

खरं काय म्हणाली ते लिही. मी आजारी आहे, दुधखुळी नाही.

सांगणारी


४ मार्च

प्रिय सांगणारी,

लिहिते. पण हातात काहीतरी गोड घेऊन वाच.

फोन तिनं पहिल्याच घंटेला घेतला. मागे शिलाई मशीन चालू होतं. मी म्हटलं, "वाटाडी का? मी वैदू."

"कोण वैदू? विमा असेल तर नको."

मी शाळा सांगितली, इस्त्रीची खोली सांगितली. मशीन चालूच. मग म्हणाली, "आठवतं ना. न आठवायला काय झालं?"

मी हर्षून सगळं सांगत सुटले, काड्यापेटी, बटण, तुझी नदी. म्हटलं, "बघ, इतक्या वर्षांत तुला एकदाही खाली ठेवलं नाही."

तर म्हणाली, "खाली म्हणजे? आजाऱ्यांची खोली तुमच्या बरोब्बर खाली होती. तुमच्या खुर्च्या सरकायच्या ते मला ऐकू यायचं. तुम्ही हसायच्या तेही. बरं वाटलं की मी जिना चढून धापा टाकत वर यायचे आणि तुम्ही सांगायच्या, तू झोपली होतीस. डोंगर तुम्ही चढलात, राक्षसाशी तुम्ही भांडलात. आणि मी कुठे? गाडीत, सामानासारखी."

"अगं, पण तुला टाकून गेलो नाही ना!"

"टाकून जायचं नाही एवढंच सुचलं तुम्हाला. हाक मारायचं नाही सुचलं?"

"नियमच तसा होता. तुझं तूच उठायचं."

"झोपलेल्या माणसानं आपलं आपण कसं उठायचं गं? त्याचा काही वेगळा तास होता का, मी नसताना घेतलेला?"

मला हसू पण आलं आणि लाज पण वाटली. ती पुढे म्हणाली, "एक पुठ्ठा आणि चार फासे. उचलून खाली आणायला काय लागत होतं? मला बोलायला दम लागला असता, ऐकायला लागत नव्हता."

खरंच गं, हे आपल्याला सुचलंच नाही. सिस्टर खाली येऊ देत नव्हत्या असं मी म्हणणार होते. पण आपण कधी विचारलंच नव्हतं. आपण आपल्या मायेतच इतक्या गुंग होतो.

मग तिनं विचारलं, "सांगणारी कशी आहे?" मी सांगितलं. तुझा आवाज जाणार ते, आणि स्टँडवर तो अजून लावतात ते. मशीन थांबलं. ती म्हणाली, "ती बाई ही होय? दुकान उघडताना रोज मला सामान सांभाळायला सांगते. मी तिला उलट उत्तरंही देते."

पत्ता विचारला. मी दिला. "बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बघते'चा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही, म्हणून तुला गोड गोड लिहिलं. ती आली नाही तर तू वाट बघत ऑपरेशनच्या टेबलावर जाशील, ही भीती होती. रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

तुझी वैदू


२३ मार्च

वैदू,

रागवायला सवड नाही. उद्या मला दाखल करून घेणार आहेत. म्हणून हे सगळं नीट, क्रमानं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वाचलं आणि काड्यापेटी उघडून त्या बटणाकडे बघत बसले. खोलीत कुणी नसताना त्याला मोठ्यानं सांगितलं, की बाई गं, आम्हाला समजलं नाही. बटणच ते, ते काय बोलणार.

आणि काल ती आली. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, केस पिकलेले, जिना चढून धाप तीच. दारात उभी राहून म्हणाली, "आजाऱ्यांची खोली हीच का?" मी मान हलवली. "मग आता इथेच खेळायचं," म्हणाली आणि माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसली. विचारणं नाही, काही नाही.

आधी तिनं पिशवीतून मऊ सुती पट्ट्या काढल्या. माझ्या गळ्याला भोक राहणार, त्याच्यावर बांधायला. पातळ, दुहेरी, मागे बंद. तिच्या एका गिऱ्हाइकाच्या नवऱ्याचं हेच ऑपरेशन झालंय, त्याच्याकडून नमुना आणला म्हणे. "वारा अडत नाही, धूळ अडते. श्वासातलं मला कळतं," म्हणाली. माझ्या गळ्याचं माप घेताना तिचा हात थोडा रेंगाळला.

मग मी पुठ्ठा उभा केला. आवाज म्हणजे नुसती खरखर उरली आहे. तरी सांगितलं, "गाडी थांबते. दोघी जणी गाडीपाशी येतात आणि तुला हाक मारतात. ऊठ."

ती म्हणाली, "मोठ्यानं मारा. बरीच वर्षं झोपलेय."

मी ओरडायला गेले तर खोकल्याची उबळ आली. तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, "आली ऐकू."

"आता तू काय करतेस?"

वैदू, हे वाक्य मी किती जपून ठेवलं होतं म्हणून सांगू. डॉक्टरांशी खुणांनी बोलले, भाजीवाल्याशी बोटांनी, ते या एका वाक्यासाठी.

ती विचारात पडली. अगदी तशीच, ओठ दुमडून. म्हणाली, "उतरते. पायाला मुंग्या आल्यात. गाडीला हात लावून बघते. कुणी ओढली एवढी?"

"दोघींनी."

"हाताला घट्टे पडले असतील."

"पडलेत."

"बरं झालं," म्हणाली. आणि मग हळूच, "दाखवा बघू."

नावाड्यानं तिला वाट विचारली. ती म्हणाली, "मी झोपलेली होते, मला कसली वाट माहीत? समोर पाणी आहे, पलीकडे काठ आहे. होडी सोड." मी म्हटलं, फासा टाक. तिनं टाकला तो पलंगाखाली गेला. वाकून बघून आली.

"काय पडलं?"

"सांगत नाही. होडी सुटली."

"लबाड!"

"होडी सुटली म्हटलं ना!"

आणि होडी सुटली. नदी मी माझ्या तोंडानं सांगितली. पाण्याचा रंग सांगितला, वल्ह्याचा आवाज सांगितला. मधे आवाज फाटायचा, तेव्हा ती थांबायची, घाई करायची नाही. काठ जवळ आला आणि तिनं विचारलं, "पलीकडे काय आहे?" मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मग पुठ्ठा उचलून फिरवला, आपल्याकडे घेतला, त्याच्याआड बसली आणि म्हणाली, "राहू दे. मी सांगते."

तिला सांगता येतं, वैदू. माझ्याहून बरं येतं. खालच्या खोलीत पडल्या पडल्या वरच्या खुर्च्यांच्या आवाजावरून तिनं तेव्हाच आपल्या आपण सगळी गोष्ट रचली होती. त्या गोष्टीत ती झोपलेली नव्हती. पलीकडे काय होतं, ते मी तुला लिहीत नाही. तू काल आली नव्हतीस, म्हणजे गाडीतच होतीस. ते तुला तीच सांगेल.

आता वाटणी. मी मरत नाहीये, सूनबाईला तसं सांगून ठेव, उगीच फुलं पाठवेल. पण सांगणारीची इस्टेट म्हणजे तिचा आवाज, आणि तो उद्यापरवा चालला. म्हणून हयातीतच.

पुठ्ठा वाटाडीला. तो कालच ती घेऊन गेली, तिच्या मशीनमागे उभा आहे.

फासे तुला. कोपरा उडालेला आहे तो टाकून देऊ नकोस. कालचा तोच.

पेटी आणि नियमांचं अर्धं पुस्तक सूनबाईला. मागचं पान कोरं आहे, त्यावर तिच्या चांगल्या अक्षरात गाडीचा नियम लिहायला सांग, पण नवा : झोपलेल्याला कुणीही उठवावं, आणि वर असाल तर खाली जाऊन उठवावं. दाढीवाल्यालाही वाचून दाखव.

तुझं हिरवं बटण या पाकिटात आहे. मी तुला हाक मारलेली आहे, तेव्हा ऊठ. आता तू काय करतेस? उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवू नकोस. तिच्या दुकानावर पाठव, सांगणारी आता ती आहे.

आणि काड्यापेटी माझ्याजवळ राहील. सांगणारीला बटण नसतं, तुला माहीत आहे. म्हणून जाताना तिनं पिशवीतून एक काढून दिलं, निळं, कुणाच्या तरी कोटाचं. मी ते गाडीत ठेवलंय. उद्यापरवा ते मला भूल देऊन झोपवतील. तेव्हा दोघींनी मिळून गाडीपाशी या आणि हाक मारा. पुन्हा पुन्हा मारा. मला ओ देता येणार नाही, पण ऐकू येईल.

सांगणारी